मण्याला बोट लावायचं नाही

पिंपळगाव बसवंतला, हायवेच्या कडेला पुंजारामआप्पांचं द्राक्षांचं पॅकहाउस होतं. आत लांबलचक टेबल, टेबलाच्या दोन्ही बाजूंना बायका, आणि अगदी डाव्या टोकाला खिडकीपाशी एक स्टीलचं स्टूल. त्या स्टुलावर सविता बसायची. दुसरी कुणी चुकून बसलीच, तर सविता काही बोलायच्या आत बाकीच्या बायका तिला उठवायच्या.

स्टूल म्हणजे काही सिंहासन नव्हे, हे कबूल. पण सविता तिथवर कशी आली ते पाहिलं की त्याचं मोल कळतं. तिचे आईबाप, बुधा आणि भागीबाई, पेठकडच्या डोंगरातले. भात-नागली निघाली की दरवर्षी खाली बागाईत पट्ट्यात कामाला यायचे, द्राक्षाचा हंगाम सरला की परत वर जायचे. सविताचं अर्धं लहानपण द्राक्षाच्या मांडवाखाली गोणपाटावर गेलं. पुढे लग्न झालं ते लहानूशी. त्याचीही माणसं डोंगरातलीच, पण त्याच्या आईने, गोजराबाईंनी, एका वर्षी परत वर जायला साफ नकार दिला आणि बिऱ्हाड पिंपळगावातच थाटलं. सविता पॅकहाउसात शिरली ती क्रेट धुवायला. मग खोकी करायला. मग घड वाहायला. बरेच हंगाम असे गेले, तेव्हा कुठे टेबलाला बसायला मिळालं.

टेबलाला बसणारीच्या अंगावर पांढरा कोट, डोक्याला टोपी, हातात बारीक टोकाची कात्री. बागेतून आलेला घड उचलायचा, फुटका, डागी, बारका मणी तेवढा छाटायचा आणि घड डब्यात असा बसवायचा, की सातासमुद्रापलीकडच्या बाईने झाकण उघडलं तर तिला तो आत्ताच तोडल्यासारखा वाटावा. सगळी मेख एकाच गोष्टीत होती. घड देठाला धरायचा. मण्याला बोट लावायचं नाही. ताज्या मण्यावर पांढुरकी झाक असते. बोट लागलं की ती पुसली जाते, आणि मग द्राक्ष कितीही गोड असो, शिळं दिसतं. ती झाक परत आणायचं औषध कुणाकडे नाही. सविताने भरलेल्या डब्यात बोटाचा ठसा कधी सापडला नाही. आप्पा नव्या पोरींना सांगायचे, "तिच्या मागं उभं राहा अन् नुसतं बघा." रानात ती लहानूची बायको होती. टेबलाला ती सविताबाई होती. माणसाला एवढंही पुरतं, आणि नेमकं तेच जायची वेळ आली की जीव कासावीस होतो.

तर या सविताच्या तोंडावर पुटकुळ्या आल्या. लोकांच्या पोरींना त्या सोळाव्या वर्षी येतात आणि पुढे आपल्या आपण जातात. सविताला त्या वयात एक आली नव्हती. हिला आल्या दुसऱ्या बाळंतपणानंतर. हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने, खोल, दुखऱ्या, काही पिकलेल्या. एक बसली की शेजारी दुसरी उठायची.

आपल्याकडे एक गंमत आहे. ताप आला तर लोक म्हणतात, डॉक्टरला दाखव. तोंडावर काही उठलं की जो तो स्वतःच डॉक्टर होतो. गोजराबाईंनी जायफळ उगाळून दिलं. शेजारणीने मुलतानी माती आणली. कुणी म्हणालं उष्णता आहे, सब्जा पी. कुणी म्हणालं पोट साफ नाही, एरंडेल घे. वांगं बंद झालं, शेंगदाणे बंद झाले, गूळ बंद झाला, आंब्याकडे तर बघायचंही नाही. माहेरकडचा धोंडीराम भगत आला, त्याने तांदूळ पाहून कुणाची तरी नजर सांगितली. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात ते असं. सविताने कुणालाच नाही म्हटलं नाही. नाही म्हटलं की लोक म्हणतात, हिलाच बरं व्हायचं नाही.

त्यात लहानूची भर. तो आप्पांच्या बागेत ट्रॅक्टरवरून औषध मारायचा आणि फवारणीतलं त्याला खरंच कळायचं. वेलीवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, दिसली की गंधक, पानावर डाग दिसला की दुसरं काही. त्याचा एक पक्का नियम होता. "एकच औषध सारखं मारलं की रोग त्याला सरावतो. बदलून बदलून मारायचं." बागेला हे लागू आहे. सविताने ते तोंडाला लागू केलं. जायफळाने दोन दिवसांत गुण नाही आला की हळद, हळदीने नाही आला की माती, मातीने नाही आला की टीव्हीत दाखवतात ते क्रीम. कुठलंही औषध तिच्या तोंडावर आठवडाभर टिकलं नाही. आणि औषध बदलताना आधीचं निघून जावं म्हणून ती चेहरा असा खसाखसा घासायची, जणू पितळी तपेलीच.

एका हिवाळ्यात तर तिने कमाल केली. घडावरची भुरी गंधकाच्या भुकटीने गेलेली तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. मग तोंडाने काय घोडं मारलंय? लहानूच्या पोत्यातली मूठभर भुकटी तिने खोबरेल तेलात कालवली आणि फासली. सकाळी तोंड भाजलेल्या वांग्यासारखं सोलवटलं होतं. लहानू ते पाहून घाबरला, आणि घाबरला की त्याला चिडायची सवय होती.

"येडी का खुळी तू? ते येलीला मारायचं असतंय."

"मग येल जगती ना?" सविता म्हणाली.

तो बाहेर जाऊन उगाच ट्रॅक्टर पुसत बसला.

तरी इथवर सगळं घरातलं होतं. टेबलाला बसून मान खाली घातली की घड दिसायचे, तोंड कुणाला दिसायचं? गोष्ट बिघडली ती दोन हजार तीनच्या दिवाळीनंतर. आप्पांनी सगळ्या बायकांना पॅकहाउसात बोलावलं. परदेशातल्या गिऱ्हाइकाने नवे नियम घातले होते, आणि ते पाळले जातात की नाही हे बघायला माणूस येणार होता. बांगड्या काढायच्या, नखं कापायची, तंबाखू नाही, टेबलापाशी खाणं नाही.

"अन् ज्या बाईच्या हाताला, तोंडाला फोड-जखम हाय, ती टेबलाला बसणार नाय," आप्पा म्हणाले. बोलताना ते भिंतीकडे पाहत होते. एकाही बाईने सविताकडे पाहिलं नाही, आणि त्यावरूनच सविताला कळलं की सगळ्यांच्या मनात तीच आहे.

बायका पांगल्यावर आप्पा तिच्यापाशी थांबले. माणूस वाईट नव्हता. "हंगामाला टाइम हाय अजून," ते म्हणाले. "तेवढं तोंडाचं काय तरी बघ. तुझी जागा मला दुसरीला द्यायची नाय."

त्याच संध्याकाळी ती बाजारपेठेतल्या मनोजच्या मेडिकलवर गेली. मनोजने चेहरा पाहिला न पाहिला, मागच्या फळीवरून एक ट्यूब काढली. "ही लावा ताई. चार दिवसांत फरक." आणि खोटं कशाला बोला, चार दिवसांत फरक पडला. पुटकुळ्या बसल्या. लाली गेली. आठवड्याने तर चेहऱ्यावर अशी चकाकी आली की पाणवठ्यावर बायका थांबून बघायला लागल्या. मग श्रेयाला रांग लागली. गोजराबाई म्हणाल्या, जायफळाचा गुण उशिरा येतो पण येतो. शेजारीण म्हणाली, माती. धोंडीराम भगताचा डोंगरातून निरोप आला की नजर उतरली, आता कोंबडं राहिलंय. सविता कुणालाच काही बोलली नाही. तिला फक्त स्टूल दिसत होतं, आणि तिचा जीव भांड्यात पडला होता.

पौषात उन्हं कोवळी असतात. त्या कोवळ्या उन्हातही तिचं तोंड चुरचुरायला लागलं. गालांवर लाली आली ती जाईना, कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली, आणि एके दिवशी ट्यूब संपली म्हणून नाही लावली, तर दुसऱ्या सकाळी पुटकुळ्या दुप्पट होऊन हजर. नवी ट्यूब आणली की बसायच्या. एक दिवस चुकला की उठायच्या. ती मनोजकडे पुन्हा गेली तेव्हा त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. पाहिलं आणि त्याचा हात फळीकडे गेलाच नाही.

"ताई, आता नाशिकला डॉक्टरला दाखवा," तो म्हणाला.

"आधी का नाय बोललास?"

"आधी तुम्हाला चार दिवसांत पाहिजे होतं," मनोज म्हणाला, आणि ओशाळून त्याने खरडलेला पत्ता पुढे केला.

नाशिकला शालिमार चौकापाशी कातडीच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. सविता एसटीने सीबीएस स्टँडला उतरली आणि विचारत विचारत चालत गेली. बाईंनी भिंगातून चेहरा पाहिला आणि काय काय लावलं ते विचारलं. सविताने एकेक सांगितलं. गंधकापाशी ती अडखळली, पण सांगितलं. बाईंना हसू आवरेना.

"गंधक घालून मुरमांची औषधं करतात गं," त्या म्हणाल्या. "विचार अगदीच चुकला नव्हता तुझा. पण ती भुकटी बागेची, आणि मापही बागेचं घेतलंस."

मग त्यांनी ट्यूब हातात घेतली आणि हसणं थांबलं. "हे औषध त्वचेला बरं करत नाही, गप्प बसवतं. सूज दबते, माणूस खूश होतो. खाली त्वचा पातळ होत जाते. सोडलं की दबलेलं सगळं वर येतं."

"माझं काय चुकलं, मॅडम? वांगं तर कधीचं सोडलंय."

"खा वांगं. पुटकुळ्या येण्यात तुझं काहीच चुकलेलं नाही. वांग्याने नाही, घाणीने नाही, कुणाच्या नजरेने तर नाहीच नाही. बाळंतपणानंतर बायकांच्या अंगात पुष्कळ उलथापालथ होते, काहींना ती चेहऱ्यावर दिसते."

सविता रडली. तिला वाईट वाटलं म्हणून नाही. इतकी वर्षं घरीदारी प्रत्येकाने काहीतरी तिच्याच माथी मारलं होतं, आणि आज पहिल्यांदा कुणीतरी ते उतरवून ठेवलं होतं. बाईंनी तिला रडू दिलं. मग त्यांनी विचारलं, पुन्हा मूल होऊ द्यायचा विचार आहे का, कारण काही गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत. नाही म्हटल्यावर त्यांनी गोळ्या दिल्या आणि रात्री लावायचं एक मलम दिलं. साध्या साबणाने तोंड धुवायचं, घासायचं नाही. फोडायचं नाही. तेल नाही, उन्हात तोंड झाकायचं. जुनी ट्यूब आजपासून बंद.

"कधी गुण येईल?"

"तीन महिने धर. आणि आधी वाढेल. महिनाभर तरी आत्तापेक्षा वाईट दिसेल. तेव्हा घाबरून दुसरं काही लावलंस की आपण पहिल्यापासून सुरू करणार."

सविताने मनातल्या मनात हिशेब केला. तीन महिने म्हणजे अख्खा हंगाम. "मॅडम, हंगाम सरेपर्यंत जुनीच लावू का? मग सोडते."

"मी नकोच म्हणणार," बाई म्हणाल्या. "पण घरी तुझा हात धरायला मी नसेन. ठरवायचं तुलाच आहे."

ठरवणं सोपं नव्हतं. जुन्या ट्यूबमध्ये अजून अर्धं मलम होतं. ती लावली तर परवा तोंड स्वच्छ, सोमवारी हंगाम सुरू होताच टेबलाला. नवं लावलं तर खोकी. जेवताना तिने लहानूला सगळं सांगितलं. तिला वाटलं हा बदलून बदलून मारायला सांगणार. लहानूने भाकरी मोडली.

"देवरामची बाग आठवती का तुला?" तो म्हणाला.

देवराम त्यांच्या शेजारच्या वस्तीवरचा. मणी फुगवायचं औषध असतं, त्यात घड बुडवतात. देवरामने एका साली ते सांगितल्यापेक्षा कितीतरी जास्त दिलं. मणी बोराएवढा झाला, गाव बघायला गेलं. पुढच्या साली वेलीवर घड शोधावे लागत होते.

"म्या त्याला सांगितलं व्हतं," लहानू म्हणाला. "येका सालाच्या मण्यासाठी येल मारू नको. ऐकलं नाय त्यानं." मग ताटाकडे बघत तो हळूच म्हणाला, "मला तुझं तोंड कसंबी चालतंय. पर तुझं तुला चालाया पायजे."

लहानूच्या तोंडून संसारात निघालेलं हे सगळ्यात गोड वाक्य असेल. सविताने ती अर्धी ट्यूब चुलीत टाकली.

सोमवारी ती आपल्या पायाने आप्पांकडे गेली आणि म्हणाली, "मला बाहेर खोकी करायला द्या." आप्पांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि शेडमधल्या पुठ्ठ्यांच्या ढिगाकडे बोट दाखवलं. तिच्या स्टुलावर मीना बसली. मीना म्हणजे येवल्याकडून लग्न होऊन आलेली विशीतली पोर, हाताची चपळ, पण घाईची.

पुढचा महिना वाईट गेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तसंच झालं, उलट थोडं जास्तच. बाहेरच्या शेडमध्ये पुठ्ठे दुमडताना सविता येणाऱ्या प्रत्येक टेम्पोला पाठ करून बसायची. घरी उशीच्या अभ्र्याचा रंग मलमाने उडून गेला, तेव्हा गोजराबाईंनी अभ्रा अंगणात धरून सगळ्या आळीला दाखवला. "कापडाचं हे झालं, तोंडाचं काय व्हईल?" शेजारणीने पुन्हा माती आणली. सविताने आयुष्यात पहिल्यांदा नको म्हटलं. शेजारीण चार दिवस बोलली नाही, तेही बरंच झालं.

पण एक गोष्ट तिच्याने सुटेना. हात. पुठ्ठा दुमडून झाला की बोटं आपसूक हनुवटीवर जायची. चाचपायची, दाबायची, पिकलेली फोडायची. फोडली की क्षणभर हलकं वाटायचं आणि संध्याकाळी ती जागा सुजायची.

एका दुपारी मीना रडवेली होऊन शेडमध्ये आली. तिने भरलेले डबे आप्पांनी परत पाठवले होते. सगळ्या मण्यांवर बोटांचे ठसे. तिने एक घड बरोबर आणला होता. "ताई, दाखवा ना एकदा."

सविताने घड घेतला. दोन बोटांत देठ, मनगट सैल, घड आपल्या वजनाने फिरतोय. "देठाला धर. मण्याला बोट लावायचं नाय. एखादा डागी दिसला तरी चोळून बघायचं नाय, त्याच्यानं डाग जात नाय, झाकच जाती. कात्रीनं जेवढं छाटायचं तेवढं छाट अन् बाकीच्याला त्याच्या जाग्यावर राहू दे. तू जेवढी खुडबूड करशील तेवढा घड बिघडंल."

मीना ऐकत होती, पण घडाकडे पाहत नव्हती.

"मग तुम्ही काय करताय?" तिने विचारलं. चिडवून नाही, साधं विचारलं.

सविताचा दुसरा हात हनुवटीवर होता. नखाला रक्त लागलं होतं.

तिने हात खाली घेतला. तिला लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही जास्त स्वतःची दया आली. कुठल्या कोण परक्या बाईच्या ताटात जाणाऱ्या मण्याला तिने कधी बोट लावलं नव्हतं, आणि स्वतःच्या तोंडाला इतकी वर्षं एक दिवस धड राहू दिलं नव्हतं. त्या दिवसापासून हात वर गेला की ती स्वतःशी म्हणायची, देठ. आणि हात पुठ्ठ्याकडे न्यायची. दिवसातून किती वेळा म्हणावं लागायचं ते विचारू नका.

होळीच्या सुमाराला नव्या पुटकुळ्या यायच्या कमी झाल्या. पाडव्याला तोंड शांत होतं. डाग होते, हनुवटीपाशी दोन-तीन खड्डे होते, ते कायमचेच. पण दुखत नव्हतं, चुरचुरत नव्हतं. आणि तोवर हंगाम संपला होता. पॅकहाउसाला कुलूप लागलं होतं, ते शांत तोंड बघायला टेबलाला कुणी नव्हतं. डॉक्टरीणबाई मात्र बघून म्हणाल्या, "मन घट्ट करून थांबलीस हं." सविता त्या दिवशी नाशिकहून येताना वांगी घेऊन आली.

पुढच्या हंगामाला ती स्वच्छ तोंडाने आप्पांसमोर उभी राहिली. आप्पा कानामागे खाजवू लागले. मीनाचा हात आता बसला होता, तिला काय म्हणून उठवायचं? "खोक्याला तुझ्यावाचून चालत नाय बघ," ते म्हणाले. "पुढं बघू." सविता पुन्हा शेडमध्ये बसली. तिला राग आला नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. खिडकीतून स्टुलाची पाठ दिसायची आणि पुठ्ठा जरा जोरातच दुमडला जायचा.

हंगाम ऐन भरात असताना मीनाच्या गालावर पुटकुळ्या उठल्या. सविताने पाहिलं, बोलली नाही. मग एका आठवड्यात त्या गेल्या, आणि मीना आली ती चकाकणाऱ्या तोंडाने. बायका म्हणाल्या, काय गं लावतेस? मीना हसली. सविता हसली नाही. ती चकाकी तिला ओळखीची होती.

आता यातली गोम बघा. सविता गप्प राहिली असती, तर मीनाचं तोंड हंगामानंतर जायचं ते गेलं असतं, सविताला कुणी नाव ठेवलं नसतं, पण तिच्या मनाने ठेवलं असतं. आणि सांगितलं, तर मीना ट्यूब सोडणार, तोंड फुलणार, टेबलावरून उठणार आणि स्टूल सविताचं. मग सगळं पिंपळगाव म्हणणार, जागेसाठी केलं. दोन्हीकडून तोंड काळं व्हायची सोय. सविताला त्या संध्याकाळी जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत तिने मीनाला शेडमागे नेलं आणि आपली हनुवटी पुढे केली. "हात लावून बघ," ती म्हणाली. मीनाने खड्ड्यांवरून बोट फिरवलं. मग सविताने ट्यूबची, उन्हाची, दुप्पट उठण्याची सगळी हकीकत सांगितली आणि नाशिकचा पत्ता दिला.

मीनाने पत्त्याच्या कागदाची घडी घातली. "मी उठले की तुम्ही बसणार ना तिथं?" तिने विचारलं.

"तेच बघाया चालले," सविता म्हणाली, आणि तडक आप्पांकडे गेली.

आप्पा गाडी भरायच्या गडबडीत होते. सविताने सांगितलं की बायकांना तोंडाला फडकं बांधू द्या. नाशिकला गाडीवरच्या पोरी बांधतात तसं, धुतलेलं, पांढरं. तोंड झाकलं की नियमाचं काम झालं.

"कुणाला बांधायचं? मीनाला? तिचं तोंड बिघडलं तर तू हायेस की."

"सगळ्यांना बांधा."

"सगळ्यांना कशाला?"

"येकटीला बांधलं तर ती येकटी दिसंल," सविता म्हणाली. "मी दिसले व्हते."

या वेळी आप्पांनी भिंतीकडे पाहिलं नाही, तिच्याकडे पाहिलं. संध्याकाळी त्यांनी तपासणीवाल्या माणसाला फोन करून विचारलं, तर तो म्हणाला, फडकं असेल तर उत्तमच. दुसऱ्या दिवशी आप्पांनी बाजारातून पांढऱ्या कापडाचा तागा आणला आणि कोपऱ्यातून आणखी एक स्टूल ओढून मीनाच्या शेजारी ठेवलं. "बस," ते सविताला म्हणाले. "हिच्या हाताला अजून घाई हाय, लक्ष राहू दे."

महिन्याभराने तपासायला साहेब आला. टेबलाच्या दोन्ही बाजूंना पांढरी फडकी बांधलेल्या बायकांची रांग पाहून तो खूश झाला. आप्पा छाती पुढे काढून म्हणाले, "आमच्याकडं पहिल्यापासून असंच हाय."

ट्यूब सोडल्यामुळे फडक्यामागे मीनाचं तोंड तेव्हा पुटकुळ्यांनी अगदी फुललेलं होतं. साहेबाला ते कळलं नाही, रांगेतल्या बायकांना सगळं माहीत होतं आणि कुणी मान वर करून पाहत नव्हतं. साहेब पलीकडे गेला तशी मीनाची बोटं हळूच वर निघाली, फडक्याच्या कडेखाली, गालाकडे.

"देठ," सविता हातातल्या घडावरची नजर न हलवता म्हणाली.

मीनाचा हात खाली आला. तिने क्रेटमधला पुढचा घड देठाला धरून उचलला.